पाच पार्सलांतून आलेली तीनचाकी

हसून झालं असेल तर बोलायला सुरुवात करते. होय, मी सायकलच आहे. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागच्या दोघांच्या मध्ये आठवड्याची भाजी मावेल एवढी टोपली. लहान मुलांची नव्हे, मोठ्या माणसांची. रस्त्याने जाताना लोक माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसतात, ते मला दिसतं. खुशाल हसा. पण तीन चाकांवर उभी राहणारी आणि तरीही पाच तुकड्यांत घरी आलेली दुसरी कोणी तुमच्या बघण्यात असेल तर मला जरूर कळवा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. तिथे मी पूर्ण होते. एका कामगार बाईने माझी तिन्ही चाकं फिरवून पाहिली, घंटी वाजवली, सांगाड्यावर खडूने बरोबरची खूण केली, आणि मग पाना घेऊन मला पुन्हा खोलून टाकलं. मला वाटलं, माझ्यात काही खोट निघाली. खोट माझ्यात नव्हती. नियमात होती.

नियम असा होता, की परदेशातून येणाऱ्या पार्सलची किंमत एका ठरावीक आकड्याच्या आत असेल तर त्यावर कर नाही, मात्र एका नावावर महिन्याला एकच. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. कुणाच्या मावशीने विणून पाठवलेला स्वेटर, कुणा मित्राने पाठवलेलं पुस्तक. असल्या गोष्टींवर कर वसूल करत बसलं तर कर राहिला बाजूला, वसुलीचाच खर्च जास्त. म्हणून म्हणाले, जाऊ द्या. त्या फटीतून मावशीचा एक स्वेटर आत गेला आणि त्याच्या मागोमाग बड्या कंपन्यांची जहाजंच्या जहाजं गेली. बूट, पडदे, घड्याळं, मिक्सर. वस्तू मोठी असेल तर तुकडे करायचे आणि एकेक तुकडा आकड्याच्या आत बसवायचा. कंपनीच्या वेबसाइटवर त्यासाठी बटणच होतं: ‘वेगवेगळ्या पार्सलांत पाठवा’. ते दाबणाऱ्याला वाटायचं, आपण किती हुशार. ते बनवणाऱ्याला ठाऊक होतं, हुशार कोण ते.

माझं बटण भाचीने दाबलं.

भाची म्हणजे आत्याची भाची. आणि आत्या म्हणजे घरातली सगळ्यात थोरली. तिने लग्न केलं नाही आणि कुणाचं ऐकलंही नाही. तळमजल्यावर ती राहते. वरच्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ, भावजय, त्यांची मुलगी म्हणजे ही भाची, आणि भाचीचा नवरा. भाची चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते. हात बारीक कामाचा, पण स्वभाव धांदरट.

आत्या सव्वीस वर्षं कस्टमच्या ऑफिसात पार्सल तपासनीस होती. म्हणजे एक वस्तू मोडून चार डब्यांतून आणणाऱ्यांना पकडायचं, हीच तिची नोकरी. अशा बाईसाठी या लोकांनी पाच डब्यांतून सायकल मागवली. यापुढे घडलं ते सगळं इथूनच आलं.

पण त्यांचंही ऐकून घ्या. दोन वर्षांपूर्वी आत्याच्या कानाच्या आतलं काहीतरी बिघडलं. डॉक्टर म्हणाले, तोल सांभाळणारा भाग आहे तो, पूर्ण बरा व्हायचा नाही. बसलेली असली की आत्या ठणठणीत. उभी राहून चार पावलं टाकली की जमीन डुलायला लागते. चालायचं तर कुणाचा तरी हात धरून.

आणि आत्याला रोज सकाळी दहा वाजता वाचनालयात जायचं असायचं. बाजार ओलांडून पलीकडे आहे ते. तिथे वर्तमानपत्रांचं एक लांब टेबल आहे. निवृत्त झाल्यापासून ती तिथे जायची, नावाला वाचायला, खरं तर भांडायला. समोर एक निवृत्त बँकवाले, एक शाळेतल्या बाई, एक बेकरीवाला. बातमी कुठलीही असो, आत्या विरुद्ध बाजू घ्यायची. तोल गेला तसं हे सगळं थांबलं. भाऊ वर्तमानपत्र घरी आणून द्यायचा. ती वाचून तावातावाने बोलायची, आणि तो म्हणायचा, “तुझंच बरोबर आहे, ताई.”

“अरे, बरोबर आहे म्हणू नकोस! काहीतरी उलट बोल!”

“काय बोलू? तुझंच बरोबर आहे.”

बाकीचे सगळे सकाळी कामावर असायचे, आणि भाची तिला न्यायला तयार होती. पण भाचीला सुट्टी रविवारी, आणि वाचनालयालाही सुट्टी रविवारीच.

आत्या हळूहळू गप्प होत चालली. भांडखोर माणूस गप्प झालं की घरच्यांना धडकी भरते. म्हणून मी. बसून चालवायची, तोल सांभाळायचा प्रश्नच नाही. घरी कुणी तिला काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने पहिला प्रश्न विचारला असता: कशी आणणार?

पार्सलं पाच. सांगाडा भाचीच्या नावावर, पुढचं चाक आणि हँडल तिच्या नवऱ्याच्या, सीट, पेडल आणि चेन भावाच्या, उजवं मागचं चाक आणि टोपली भावजयीच्या. पाचवं पार्सल म्हणजे डावं मागचं चाक. त्याला नाव उरलं नाही. घरात पाचवं माणूस एकच होतं.

“आत्याच्या नावावर टाकू,” भाची म्हणाली.

नवरा म्हणाला, “आत्याच्या? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“बेल वाजली की दार मी उघडीन. तिला कळतंय कशाला?”

तर मी येत गेले, तुकड्या-तुकड्याने. जीव माझा सांगाड्यात, त्यामुळे मी आधी पोचले आणि बाकीच्यांची वाट बघत राहिले. माझं पार्सल जिन्यावरून वर नेताना आत्या खालच्या दारात खुर्ची टाकून बसली होती.

“काय आहे गं?”

“कपडे वाळत घालायचा स्टँड, आत्या.”

आत्याने डब्याकडे एकदा नीट पाहिलं. “बारा-तेरा किलो. जाड पोलाद. एवढ्या स्टँडवर काय, गाद्या वाळत घालणार आहात?”

दुसरं पार्सल आलं. “हे स्टँडचं झाकण,” भाऊ म्हणाला. स्टँडला झाकण असतं, असं म्हणणारा माणूस मी तरी आजवर दुसरा पाहिला नाही.

चार पार्सलं आली आणि वरच्या मजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत जोडणी सुरू झाली. भावाने सूचनांचा कागद उलटा धरून चेन बसवली. पेडल पुढे मारलं की मी मागे जायला बघायची. शेवटी भाची नाक्यावरच्या सायकलवाल्याला बोलवायला गेली. तीस वर्षांचं दुकान त्याचं, दारात टायरांच्या माळा. तो आला, मला पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

“कुठून घेतली?”

“ऑनलाइन.”

“मग जोडणीही ऑनलाइनच करून घ्या.”

“काका, असं काय करता? तुमच्याकडे तीन चाकांची होती का?”

“मागवली असती!”

“किती दिवसांत?”

तो जरा अडखळला. “दोन महिने लागले असते. पण कर भरून आणली असती. मी प्रत्येक नटबोल्टवर कर भरतो, ताई. माझ्या दुकानावर भरतो, वीजबिलावर भरतो. आणि तुम्ही माझ्या दुकानासमोरून बिनकराची सायकल वर नेता, आणि वरून मलाच म्हणता, जोडून द्या!” तो जिन्यापर्यंत गेला आणि परत वळला. “चेन उलटी बसवलीय. एवढं फुकट सांगतो.”

मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता येत नाही. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन सीटवर बसून बघायचं, भाव विचारायचं, खिशातून फोन काढून फोटो घ्यायचं आणि घरी जाऊन तीच सीट समुद्रापलीकडून मागवायचं. असं कुणी रोज तुमच्या तोंडावर केलं तर तुम्हीही हात पाठीमागेच बांधाल.

याच सुमारास बातमी आली. सरकारने ती फट बुजवायची ठरवली. पहिल्या तारखेपासून प्रत्येक पार्सलवर कर, मग ते सुईचं असो की सोफ्याचं.

अहो, मग जी तारांबळ उडाली म्हणता! कंपन्यांनी ‘शेवटची संधी’ म्हणून लाल अक्षरं झळकवली. ज्या लोकांना काही नको होतं त्यांनाही सगळं हवंसं झालं. समोरच्या घरातल्या बाईंनी वर्षभराचे मोजे मागवले. शेजारच्या गृहस्थांनी तंबू मागवला. ते आयुष्यात कधी घराबाहेर झोपलेले नाहीत. कर वाचवण्यासाठी माणूस किती पैसे उधळू शकतो, ते त्या आठवड्यात दिसलं. आणि ज्यांनी वीस वर्षं ही फट उघडी ठेवली, त्यांनी ती बुजवायला किती तयारी केली? एक खिडकी, एक संगणक आणि एक बाई.

माझं डावं चाक तेव्हा समुद्रात होतं. बंदरावर उतरलं तीन तारखेला.

पाच तारखेला दुपारी टपालाने कागद आला. भाची दुकानात होती. बेल वाजली आणि दार उघडलं आत्यानेच.

खालून तिची हाक आली, “धाकट्या! खाली ये.”

भाऊ खाली गेला. सांगाड्यातून मला सगळं ऐकू येत होतं.

“मला कस्टमचा कागद आलाय. लिहिलंय, आपले चाक, नग एक, कर व प्रक्रिया फी भरून पंधरा दिवसांत घेऊन जावे. मी चाक कशाला मागवीन रे?”

भाऊ जिन्याकडे बघायला लागला.

“स्टँडला चाक असतं का?”

“ताई, तुझंच बरोबर…”

“वर चल. हात दे.”

एकेक पायरी चढत ती आली. अडगळीच्या खोलीत माझ्यावर चादर होती. तिने चादर ओढली. मी दोन चाकांवर आणि एका विटांच्या थप्पीवर उभी होते, चेन लोंबकळत होती. त्या अवस्थेत कुणी आपल्याला पहिल्यांदा बघावं, असं कुठल्याच सायकलला वाटत नाही.

आत्या पुढे झाली. तिने हँडलवर हात ठेवला. सीट दाबून पाहिली. मग हळूच अंगठ्याने घंटी वाजवली, एकदाच. तिचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं, बसतेच आता ही.

संध्याकाळी भाची आली आणि रडकुंडीला येऊन सगळं सांगून मोकळी झाली. आत्याने शांतपणे ऐकलं.

“पाच नावं, पाच डबे, एक सायकल.”

“हो, पण तेव्हा चालत होतं, आत्या. सगळेच करत होते.”

“चालत नव्हतं. कुणी पकडत नव्हतं. पकडायचं काम सव्वीस वर्षं मी करत होते.” मग म्हणाली, “सायकल छान आहे. माझ्यासाठी आणलीत, कळतंय मला. पण हिच्यावर मी बसणार नाही. चोरून आणलेल्या सायकलवरून वाचनालयात जाऊ? आणि तिथे बसून बँकवाल्यांना शहाणपण शिकवू? माझ्या तोंडाला काय चव राहील?”

“मग काय करायचं?”

“उद्या सुट्टी घे. खिडकीवर जायचंय.”

त्या खिडकीवर मी नव्हते. पण माझं डावं चाक तिथे मागच्या फळीवर पडलं होतं, आणि पुढचं सगळं त्याने मला नंतर सांगितलं. चाकाची एक सवय आहे, गोष्ट गोल-गोल फिरवून सांगायची. मी ती सरळ करून सांगते.

कस्टमच्या पार्सल ऑफिसात रांग दारापर्यंत गेली होती. प्रत्येकाच्या हातात तसलाच कागद आणि प्रत्येकाच्या कपाळावर आठी. एक गृहस्थ माशांचे गळ सोडवायला आले होते.

“गळांची किंमत चहाइतकी, कर बिस्किटाइतका आणि तुमची प्रक्रिया फी जेवणाइतकी! कसली प्रक्रिया करता तुम्ही? गळ उकळता का?”

खिडकीवरची बाई तेच तेच सांगून दमली होती. “साहेब, संगणक सांगतो तेवढं मी घेते.”

एका उंच माणसाने कागद फाडला. “नकोच मला ते पार्सल! ठेवा तुमच्याकडे! तुम्हीच घाला!”

बाईने यादीत पाहिलं. “पोहण्याचा पोशाख आहे, साहेब. माझ्या मापाचा नाही.”

रांग हसली, पण राग गेला नाही. एक जण म्हणत होता, हा कर म्हणजे लूट. दुसरी म्हणत होती, कर असू दे, पण आधी सांगा तरी किती. एक चप्पलवाला मुद्दाम बघायला आला होता आणि दाराशी उभा राहून खुश होत होता. लोकांनी त्यालाही दोन शिव्या दिल्या. शिव्या ज्यांना द्यायच्या ते तिथे नव्हतेच. कंपन्या समुद्रापलीकडे, मंत्री राजधानीत, आणि खिडकीत ही एकटी बाई, सकाळपासून पाणी न प्यायलेली.

आत्याचा नंबर आला. भाचीने तिचा हात धरला होता. बाईने वर पाहिलं आणि ताडकन उठून उभी राहिली. “मॅडम! तुम्ही?”

ती आत्याच्या हाताखाली शिकलेली होती.

“बस गं, बस. तुझी रांग बघ केवढी आहे. हे माझं चाक. कर भरायचाय.”

“मॅडम, तुम्ही आणि ऑनलाइन?”

“मी नाही. माझ्या घरचे चोर.” भाची लाल झाली. “आणि आधीची चार पार्सलंही याच सायकलची होती. त्यांचाही कर लाव.”

सगळ्या रांगेच्या माना खिडकीकडे वळल्या. गळवाले पुढे वाकले. “काय म्हणाल्या बाई?”

“त्यांचा कर भरायचाय म्हणाल्या.”

“जो कुणी मागितला नाही तो?”

“वेड लागलंय का हो त्यांना?”

खिडकीवरची बाई अवघडली. “मॅडम, ती चार पार्सलं सुटून गेली. संगणकात ती बंद झाली. आता कर घ्यायला रकानाच नाही.”

“रकाना नाही म्हणून कर नाही? हे तुला मी शिकवलं होतं? त्या भिंतीवरचं कॅलेंडर उचल.”

बाईने कॅलेंडर उचललं. खाली पिवळा पडलेला कागद होता, आत्याच्या अक्षरातला. एकाच वस्तूचे भाग वेगवेगळ्या पार्सलांतून आले तरी ती वस्तू एकच धरावी.

“नियमांचं जाड पुस्तक आहे का अजून? की त्याच्यावर पंखा ठेवलाय?”

पंखाच ठेवला होता. पुस्तक आलं. आत्याला काउंटरशी खुर्ची दिली. मागून ओरडा झाला, “अहो आजी, आम्हाला कामं आहेत!” आत्या वळलीच नाही. “मलाही आहेत. दोन वर्षांपासून खोळंबलीत.”

ती पानं उलटत गेली. आपण होऊन कर भरण्याची तरतूद तिला सापडली: साधा अर्ज, हाताने लिहिलेली पावती. सापडली तशी ती खुश झाली. पण डोळे त्याच पानावर खाली सरकले आणि तिथेच थांबले. तिने ते कलम दोनदा वाचलं. मग काउंटरवर थाप मारून म्हणाली, “प्रक्रिया फी कुठल्या हिशोबाने घेतेस गं?”

“सरसकट आहे, मॅडम. प्रत्येक पार्सलला एकच आकडा. वरून आलंय.”

“वरून पाऊसही येतो. कागद दाखव.”

“कागद नाही. संगणकातच टाकून दिलंय.”

“मग हे ऐक.” आत्या उभी राहिली. भाची हात द्यायला धावली, पण तिने काउंटर घट्ट पकडला होता. सव्वीस वर्षांचा आवाज होता तो, शेवटच्या माणसापर्यंत पोचला. “प्रक्रिया फी कराच्या रकमेहून जास्त असता कामा नये. पान एकशे चाळीस. हे कलम कुणी रद्द केलंय का?”

कुणी रद्द केलं नव्हतं. कुणी वाचलंच नव्हतं.

आता रांगेचे कान टवकारले. गळवाले म्हणाले, “म्हणजे माझी फी बिस्किटाइतकी?”

“कर भरा, पुरता भरा,” आत्या म्हणाली, “पण फुकटची फी देऊ नका. आणि हिच्यावर ओरडू नका, हिने काही केलेलं नाही. ज्याने केलं त्याला लिहा. लेखी! तोंडी रागाला सरकारदरबारी वजन नसतं. कुणाकडे कोरा कागद आहे?”

कागद निघाला. आत्याने तिथेच तक्रार लिहिली आणि रांगेतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. कर लूट आहे म्हणणाऱ्याने केली, कर हवा म्हणणारीने केली. चप्पलवाला म्हणाला, “मी फक्त बघायला आलोय.” आत्या म्हणाली, “मग बघितलं म्हणून सही करा.” त्यानेही केली.

कागद आत गेला. आतून मोठे साहेब बाहेर आले, चष्मा वर-खाली करून पान एकशे चाळीस वाचलं, कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ “हो, हो, पण इथे लिहिलंय” असं म्हणत राहिले. शेवटी त्यांनी फोन ठेवला आणि घसा खाकरला. “फी कराच्या मर्यादेतच घ्या. संगणक दुरुस्त होईपर्यंत हाताने पावत्या फाडा.”

माझं चाक सांगतं, लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की फळीवरची धूळ उडाली. तो उंच माणूस फाटलेल्या कागदाचे तुकडे जुळवत परत खिडकीशी आला. “माझा तो पोशाख… अजून आहे ना?”

आणि त्या गडबडीत आत्याने पाच पार्सलांचा कर भरला. म्हणजे, एकाचा तिने. “ज्याच्या नावावर, त्याच्या खिशातून,” ती भाचीला म्हणाली. भाचीने स्वतःचा भरला, नवऱ्याचा भरला, फोन करून वडिलांना त्यांच्या आणि आईच्या कराचं विचारलं. पलीकडून भाऊ म्हणाला म्हणे, “ताईचंच बरोबर आहे.” या वेळी आत्या चिडली नाही.

ही बातमी त्यांच्या आधी नाक्यावर पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवाला पान्यांची पेटी घेऊन स्वतःच जिना चढून आला.

“पावती आहे म्हणता. बघू.”

आत्याने पावती दिली. त्याने ती अक्षर न् अक्षर वाचली, घडी घालून परत दिली, आणि बाह्या वर केल्या. चेन सरळ बसली. डावं चाक आपल्या जागी आलं, आणि सगळ्या अंगात पहिल्यांदा एक जीव झाल्यासारखं मला वाटलं. कंपनीचे सीटचे बोल्ट त्याने काढून खिडकीबाहेर बघत नुसते तोलले. “हे बोल्ट नाहीत, हे बिस्किटाचे तुकडे आहेत.” आणि आपल्या पेटीतले लावले.

“मजुरी सांगा,” आत्या म्हणाली.

“सांगतो. पण त्याच्यावर कर लागेल.”

“लावल्याशिवाय देणारच नाही मी!”

दोघंही इतके हसले की भाची घाबरून बघायला आली.

मला चौघांनी उचलून खाली अंगणात नेलं. आत्या बसली. एक गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. दोन चाकांच्या सायकलवर वळायला अंग झुकवावं लागतं, माझ्यावर झुकून काही होत नाही, हँडलच फिरवावं लागतं. आत्या फाटकापाशी झोकात डावीकडे झुकली, आणि आम्ही दोघी सरळ कुंपणाच्या झुडपात गेलो. पानांतून तिचा आवाज आला, “कुणी धावू नका! मी पडलेली नाही! मी बसलेलीच आहे!”

आणि खरंच, ती बसलेलीच होती. दोन वर्षांत पहिल्यांदा कुठेतरी धडकली होती आणि पडली नव्हती. झुडपातच ती खो-खो हसत राहिली.

दुसऱ्या फेरीत हँडल फिरलं. तिसरीत आम्ही फाटकाबाहेर होतो. बाजारातून जाताना तिने इतक्या वेळा घंटी वाजवली की माझी घंटी दुसऱ्या दिवशी बसल्या आवाजात बोलत होती.

आता मी रोज सकाळी दहा वाजता इथे, वाचनालयाच्या दारात उन्हात उभी असते. मला पाच नावं होती, आता एकच आहे. माझ्यासारखी एखादी तुम्हाला रस्त्यात दिसली तर मागून हॉर्न वाजवू नका, आम्ही सावकाश जातो पण पोचतो. आणि काही मागवायचं असेल तर मागवा बापडे, मी कुणाला अडवत नाही. मी स्वतःच तशी आलेय. फक्त कर भरा आणि पावती वाचून घ्या.

आत आवाज चढलाय, ऐकू येतंय ना? बँकवाले म्हणताहेत, कर रद्दच करायला हवा. बेकरीवाला म्हणतोय, दुप्पट हवा. आत्या दोघांच्याही विरुद्ध आहे. आज तिचं जरा मागे पडतंय असं दिसतंय, म्हणजे जिंकल्याशिवाय ती काही बाहेर यायची नाही. तुम्ही व्हा पुढे. मला काही घाई नाही.